पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. वाडा आता नाही, त्या जागी सहा मजली इमारत आहे आणि आमचं बिऱ्हाड होतं तिथे पार्किंग. पण पेठेची खोड सुटत नाही, त्यामुळे कुणी पाहुणे आले, कुणाची मुलं परदेशातून आली की त्यांना गल्ल्यांमधून हिंडवायचं काम माझ्याकडे येतं, आणि दर वेळी तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी आर्किटेक्ट नाही, इतिहास संशोधक तर नाहीच नाही.

वाडा म्हणजे नक्की काय? मोठं जुनं घर म्हणजे वाडाच ना?

नाही. वाडा ओळखायचा तो चौकावरून. बंगल्याचं कसं असतं, घर मधोमध आणि सभोवती मोकळी जागा. वाड्याचं बरोबर उलटं, घर रस्त्याला खेटून, बाहेरून बघावं तर नुसती भिंत आणि एक दरवाजा, आणि मोकळी जागा सगळी पोटात. त्या मोकळ्या जागेभोवती चारी बाजूंनी खोल्या, वर आभाळ. असा एक चौक असेल तर एकचौकी, दोन असतील तर दोनचौकी, आणि सरदार-सावकार लोकांचे तर त्याहून मोठे.

आता घोळ असा आहे की पेशवाई गेल्यावर हळूहळू पुण्यात भाड्याने द्यायलाच म्हणून घरं बांधली गेली, मधे अंगण, भोवती दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, मागे सामाईक नळ आणि संडास, आणि त्यांनाही लोक वाडाच म्हणायला लागले. त्यामुळे "आमचा वाडा होता हो" असं सांगणाऱ्या बहुतेक पुणेकरांचा वाडा म्हणजे खरं तर त्यांची दुसऱ्याच्या वाड्यातली दोन खोल्यांची जागा असते. माझीही तीच.

पेठांना वारांची नावं का? आणि सदाशिव, नारायण हे वार कुठले?

पेठ म्हणजे बाजाराची वस्ती, आणि बाजार ठरलेल्या वारी भरायचा, त्यातून वारांची नावं आली असं सांगतात. सदाशिव पेठ पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या, नाना पेठ नाना फडणवीसांच्या, रास्ता पेठ सरदार रास्त्यांच्या. या सगळ्यांत जुना कसबा, तो पेशव्यांच्याही आधीचा. म्हणून गल्ल्या सगळ्यात वेड्यावाकड्या कुठे असतील तर कसब्यात, नंतर आखून वसवलेल्या पेठा त्या मानाने सरळ आहेत. हे नकाशावर बघण्यापेक्षा पायी फिरून बघा, दहा मिनिटांत कळतं.

आत गेल्यावर काय काय असतं? नावं लक्षात राहत नाहीत.

दरवाजातूनच सुरू करू. मोठा दोन फळ्यांचा दरवाजा, त्यावर लोखंडी खिळे, आणि एका फळीत कापलेलं छोटं दार, ती दिंडी. रोजची ये-जा दिंडीतून, वाकून. मोठा दरवाजा लग्नाला, नाहीतर बैलगाडी आत घ्यायची तर. मागे आडवा लाकडी अडसर, तो भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवायचा, रात्री ओढून लावायचा. आत शिरलं की देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची बसायची जागा. आमच्या देवडीत पहारेकरी नव्हते, सायकली होत्या.

पुढे चौक. फरशीचा किंवा सारवलेला, कोपऱ्यात आड किंवा हौद, तुळशीवृंदावन. चौकाच्या कडेला दोन-तीन पायऱ्या वर उंच दगडी जोतं आणि त्यावर ओसरी, तिला बाजूने भिंत नसते, नुसते लाकडी खांब. आलं-गेलं माणूस ओसरीवर बसायचं. त्याच्या आत माजघर, ते अंधारं, उन्हाळ्यात गार, दुपारी बायका तिथे आडव्या व्हायच्या. माजघराला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, मागे न्हाणी, त्यामागे परस. मोठ्या वाड्यात मागचा चौक बायकांच्या वापराचा, गोठा आणि पागा वेगळ्या. धान्य साठवायला बळदं, म्हणजे जाड भिंतीच्या पोटात केलेल्या पोकळ्या, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. लहानपणी मला वाटायचं त्यात कुणी पडलं तर कुणाला कळणारच नाही. मालकांच्या आजी आम्हाला तीच भीती घालायच्या.

वर माडी आणि दिवाणखाना. दिवाणखाना हीच वाड्यातली मिरवायची जागा, कोरीव खांब, खांबाखांबामध्ये महिरपी, हंड्या-झुंबरं, आणि महिरपीच्या टोकाला उलटं लोंबणारं लाकडी केळफूल. नक्षी बघायची असेल तर खांबांच्या माथ्याकडे बघा, कारागिराने सगळा जीव तिथे ओतलेला असतो आणि आपण मान वर करतच नाही.

वर जायचा जिना मात्र इतका अरुंद की पहिल्यांदा येणारा हमखास विचारतो एवढ्या मोठ्या घराला असला जिना का. तो बऱ्याचदा भिंतीच्या जाडीतच बसवलेला असतो, चढ उभा, धरायला दोर, आणि वर डोक्याशी लाकडी झडप. झडप पाडली की खालचा माणूस वर येऊ शकत नाही. काळ दंगलीचा, लुटालुटीचा होता हे विसरून चालत नाही. आम्ही त्याच जिन्याने फ्रीज वर नेलाय, चार जण, पाऊण तास, आणि मधेच एकाला शिंक आली.

'खण' हा काय प्रकार आहे? पाच खणी माडी, सात खणी सोपा असं म्हणतात ते?

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खोली किती फुटांची हे कुणी मोजत नसे, किती खणांची हे सांगत. आमच्या ओसरीचा खण मी एकदा टेपने मोजला होता, साडेपाच फूट भरला. हे अंतर ठरायचं लाकडाच्या ताकदीवर. खांबावर आडवी तुळई, तुळईवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, याला कडीपाट म्हणतात, आणि त्याच्यावर मातीचा थर घालून वरच्या मजल्याची जमीन. एवढं वजन तुळईने पेलायचं तर खांब फार लांब ठेवून चालत नाही. त्यामुळे वाड्यातल्या खोल्या लांबट आणि अरुंद. मोठा दिवाणखाना करायचा झाला तरी मधे खांबांच्या रांगा येणारच, मग त्या रांगाच सजवायच्या. म्हणजे आपल्याला जी शोभा वाटते ती मुळात अडचण आहे, हे मला फार उशिरा कळलं.

भिंती दोन-अडीच फूट जाड का? खरंच मातीच्या आहेत?

बऱ्याच आहेत. खाली जोतं काळ्या घडीव दगडाचं, तळमजल्याची भिंत दगडाची किंवा विटांची, वर जाल तसं विटा आणि माती. पण ही भिंत एकटी उभी नसते, तिच्या पोटात लाकडी खांब असतात आणि मजल्याचा बराचसा भार ते घेतात. म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यात भरलेली माती-वीट असं ते प्रकरण. म्हणूनच पाडताना कधीकधी दिसतं की भिंत सगळी ढासळलीये आणि मजला खांबांवर तसाच लटकतोय.

जाडीचा फायदा उन्हाळ्यात कळतो. बाहेर एप्रिलचं ऊन आणि माजघरात पाय गार पडतात. चौक उघडा असल्यामुळे गरम हवा वर निघून जाते.

आणि खांबाच्या खाली नीट बघा, एक घडवलेला दगड दिसेल, तळखडा. खांब थेट जमिनीत कधीच पुरायचा नाही, तळखड्यावर ठेवायचा, म्हणजे जमिनीतली ओल आणि वाळवी लाकडाला लागत नाही. फरशा टाकून टाकून जमीन उंच होते आणि तळखडा फरशीखाली जातो, मग पाच-सात वर्षांत खांब बुडाशी कुजायला लागतो. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कुठल्याही वाड्यात गेलो की आधी खाली बघतो.

सगळं सागवानच का?

चांगल्या वाड्यात मुख्य खांब-तुळया सागाच्याच, नंतरच्या आणि साध्या घरांत जे मिळेल ते. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी खांबांना लोक सुरूचे खांब म्हणतात त्यामुळे गैरसमज होतो, ते सुरूच्या झाडाच्या आकाराचे आहेत, म्हणजे बुडाशी फुगीर आणि वर निमुळते, लाकूड सागच.

छपराला मंगलोरी कौलं दिसतात, मग ते पेशवाईतलं कसं?

छप्पर पेशवाईतलं नाहीच. मंगलोरी कौलांचा कारखाना मंगळुरात निघाला तो १८६५ साली, त्याआधी नळीची कौलं, कुंभाराच्या चाकावरची. ती वाऱ्याने, मांजरांनी आणि माकडांनी सरकायची, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी शाकारणी, म्हणजे सगळी कौलं काढून, फुटकी बदलून, परत लावायची. हा खर्च दर वर्षीचा होता. एक वर्ष चुकलं की एका फटीतून पाणी, पाण्याने कडी कुजली, कडी कुजली की वरची माती खाली. वाड्याची दुखणी बहुतेक वेळा वरूनच सुरू होतात हो. शाकारणी करणारे लोकही आता मिळत नाहीत, निळं प्लास्टिक टाकतात आणि वर विटा ठेवतात.

पाणी कुठून यायचं? मुठेवरून भरायचे का?

नदी, आड, आणि कात्रज. हे तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणला. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. मधे मधे उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला आणि गाळ काढायला वर आणलेली तोंडं, आणि शहरात ठिकठिकाणी हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, ही नावं अजून बसचा स्टॉप सांगतात तशी लोक सांगतात, हौद बघितलेला नसला तरी. काही सार्वजनिक, काही थेट मोठ्या वाड्यांच्या आत.

वाड्याखाली भुयार असतं ना? शनिवारवाडा ते पर्वती?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि बहुधा लहान मुलाच्या आधी त्याचे बाबा विचारतात. माझं मत विचाराल तर ही सगळी भुयारं म्हणजे कात्रजच्या पाण्याचे नळ. दगडी बांधणीचे, काही ठिकाणी माणूस वाकून आत जाईल एवढे. रस्ता खणताना असं काही दिसलं की दुसऱ्या दिवशी पेठेत गुप्तधनाची चर्चा. तळघरं मात्र खरी आहेत, पुष्कळ वाड्यांत आहेत. आमच्या तळघरात सापडलेला खजिना म्हणजे गणपतीच्या आराशीचे खांब आणि एक बिनचाकाची बाबागाडी.

शनिवारवाडा बघितला, पण आत तर काहीच नाही?

आत बाग आणि जोती आहेत. १० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावांनी पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि १८२८च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतलं सगळं गेलं. वर सांगितलं ना, लाकडाचा सांगाडा, तो जळल्यावर दगडी बूड सोडून उरणार काय? तटबंदी आणि दरवाजे राहिले. म्हणून माझा सल्ला असा की दिल्ली दरवाजाच्या वर नगारखान्यात जा, तिथे लाकडी खांब आणि महिरपी अजून आहेत, आतला वाडा कसा असेल त्याचा थोडा अंदाज तिथेच येतो, आणि मग खाली जोत्यांवर हिंडताना प्रत्येक चौथऱ्यावर मनात खांब उभे करा.

आगीचं हे एकच उदाहरण नाही. बुधवारवाडा १८७९ साली जाळपोळीत संपला, विश्रामबागवाड्याचाही भाग तेव्हा जळला.

मग पेशवाईतला खरा लाकडी वाडा कुठे बघायचा?

विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, आणि त्यांना तो फार दिवस लाभला नाही, १८१८ला राज्यच गेलं. १८२१ला इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. नंतर शाळा, महापालिकेच्या कचेऱ्या, पोस्ट. खरं सांगू, कचेऱ्या होत्या म्हणूनच तो वाचला असं मला वाटतं, रिकामा असता तर केव्हाच पडला असता. रस्त्याच्या पलीकडच्या फूटपाथवर उभं राहून दर्शनी सज्जा बघा, जवळ गेलं की दिसत नाही.

शनिवारवाड्याजवळचा नानावाडा १७८०चा, नाना फडणवीसांचा, त्यातही बरीच वर्षं शाळा भरली. केसरीवाडा म्हणजे मूळचा गायकवाड वाडा, टिळकांनी १९०५ साली घेतला, गणपतीत तिथे जाणं सगळ्यात सोपं. आणि कसब्यातला मुजुमदार वाडा, संगीताचे जाणकार आबासाहेब मुजुमदारांचा, त्यांच्या घरच्या गणेशोत्सवात थोरथोर गवई गायचे. पण तो राहता वाडा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

वाडे काय फक्त सरदारांचे आणि ब्राह्मणांचे होते का?

हा प्रश्न विचारतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण पेठांच्या गोष्टी सदाशिव पेठेतच अडकतात. कसब्यातल्या तांबट आळीत जा. तिथल्या घरांचा खालचा भाग कारखाना, पुढच्या ओट्यावर ठोकाठोक, वर बिऱ्हाड. चौक असेल तर तो तुळशीसाठी नाही, भट्टीसाठी आणि भांडी मांडायला. सकाळी गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू येतो. रविवार पेठेत व्यापाऱ्यांची घरं, खाली पेढी-गोदाम, वर राहतं घर, आणि बोहरी आळीतल्या घरांच्या गॅलऱ्यांची धाटणी आणखी निराळी.

आणि गंज पेठेतला फुले वाडा. त्या पेठेला आता महात्मा फुले पेठच म्हणतात. तो बघून काही लोक म्हणतात, एवढासाच? बैठं कौलारू घर, अंगण, आणि ज्या पाण्यासाठी तो इतिहासात आहे ते पाणी. जोतीरावांनी १८६८ला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आधी म्हटलं ना की मोठ्या वाड्यांच्या आत हौद असायचे? ते कुणासाठी असायचे आणि कुणासाठी नसायचे हे डोक्यात ठेवून इथे यायचं, मग घर एवढंसं वाटत नाही.

भिडे वाडा कुठे आहे? सापडला नाही.

सापडणार नाही. दगडूशेठ गणपतीच्या समोर होता, बुधवार पेठेत, १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. पुढे दुकानं, भाडेकरू, स्मारक करायचं ठरल्यावर कोर्टात वर्षानुवर्षं खटला, आणि निकाल लागेपर्यंत वाड्याची पार दशा झालेली. २०२३च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने ताबा घेऊन तो पाडला, नवं स्मारक बांधायचं म्हणून. स्मारक व्हायलाच हवं, पण ज्या खोलीत त्या मुली बसल्या तिचा एक खांब तरी ठेवायला हवा होता असं मला वाटत राहतं.

१९६१च्या पुराचं इतकं का सांगतात?

कारण पेठांचं 'आधी' आणि 'नंतर' तिथूनच मोजतात. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांत पाणी शिरलं. आता वरचं परत आठवा, मातीची भिंत. वाहत्या पाण्यापेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त वाडे पडले असं घरातले लोक सांगायचे. बुडाची माती भिजून लगदा झाली की वरचं सगळं वजन खाली येतं, आणि ते पाणी ओसरल्यावर, लोक सामान बघायला परत आल्यावरसुद्धा येतं. ज्यांचे वाडे गेले ते गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेले, आणि बरेच परत आलेच नाहीत. आमचा वाडा राहिला. देवडीच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्याही वर. दर दिवाळीला रंग देताना मालकांचे आप्पा तेवढा पट्टा सोडायला लावायचे.

वाड्यात महिना बारा रुपये भाडं असतं हे खरं आहे का?

असायचं, आणि काही ठिकाणी अजून आकडा असाच हसू येण्यासारखा आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. तेव्हा ते बरोबरही होतं, युद्धानंतरची जागेची टंचाई, नाहीतर मालकांनी लोकांना रस्त्यावर आणलं असतं. पण ती गाठ पुढे पन्नास वर्षं कुणी सोडलीच नाही. १९९९चा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ. आता हिशोब करा, बारा रुपयांवर चार टक्के, चक्रवाढ धरली तरी पंचवीस वर्षांनी बत्तीस रुपये. एका बिऱ्हाडाचं वर्षाचं भाडं येतं त्यात शाकारणीवाल्याचा अर्धा दिवस भागत नाही.

लोक म्हणतात वाडे म्हातारे झाले म्हणून पडले. मला हे पटत नाही. वाडा हे दर वर्षी हात लावायचं घर आहे. सारवण, शाकारणी, चुना, लाकडाला तेल. भाडेकरू म्हणतो मालकाने करावं, मालक म्हणतो बारा रुपयांत काय करू, आणि दोघांचंही बरोबर असतं. मग मालक वाट बघतो वाडा पडायची आणि भाडेकरू वाट बघतो बिल्डर यायची. मी दुसऱ्या बाजूचा होतो, आम्हाला त्या पार्किंगच्या वर दोन खोल्या मिळाल्या, त्यामुळे फार आव आणत नाही.

हेरिटेज आहेत ना, मग पाडू कसे देतात?

सगळे वाडे यादीत नाहीत. महापालिकेच्या यादीत जे आहेत त्यांना ग्रेड आहेत, एक, दोन, तीन, आणि ग्रेडप्रमाणे काय बदलता येईल ते ठरतं. यादीबाहेरचा वाडा मालक आणि भाडेकरू राजी झाले की जातो. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस येते, आणि ती कुणाला भीती वाटते तर कुणाला लॉटरी.

याच्या उलट त्रास शनिवारवाड्याच्या आसपासच्या लोकांना. तो केंद्राचं संरक्षित स्मारक असल्यामुळे, स्मारकांच्या कायद्यात २०१०ला बदल झाल्यापासून त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने. शंभर मीटरच्या आतल्या वाड्याला दुरुस्तीसाठीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे एक ऐतिहासिक वाडा वाचवायला केलेल्या नियमामुळे शेजारचे वीस जुने वाडे टेकू लावून उभे. पाडताही येत नाही, बांधताही येत नाही. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण तिथे राहणाऱ्या एखाद्या काकूंना "किती छान जुनं घर आहे तुमचं" म्हणायच्या आधी हे माहीत असावं.

आमचा वाडा अजून आहे. दुरुस्ती करायची आहे, कुठून सुरुवात करू?

छप्पर. आधी छप्पर, मग पन्हळी आणि पाण्याचा निचरा, मग बाकीचं. रंग सगळ्यात शेवटी. न्हाणी आणि संडासाच्या पाइपांची गळती बघा, कारण वाड्यात हे सगळं मागून बसवलेलं असतं आणि तिथलीच भिंत आधी जाते.

आणि सिमेंट लावू नका. हात जोडून सांगतो. आमच्या मागच्या भिंतीला ओल यायची म्हणून मालकांनी एका कॉन्ट्रॅक्टरकडून बाहेरून झकास सिमेंट प्लास्टर करून घेतलं. दिसायला एकदम नवं. दोन पावसाळ्यांनी आतल्या बाजूचा रंग फुगला, तिसऱ्या वर्षी मी खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आतून पोह्यासारखा भुगा. झालं असं की मातीची भिंत जमिनीतून थोडी ओल ओढतेच, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली, ओल आतच राहिली, आणि ती प्यायली भिंतीतल्या लाकडाने. चौथ्या पावसात भिंत बसली. कुणाला लागलं नाही, संध्याकाळची वेळ होती आणि सगळे पुढच्या चौकात होते.

चुना करायला वेळ लागतो, चुनकळी पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, वाळूबरोबर मळायची. जुने लोक त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे. पुण्यात हे काम जाणणारे आर्किटेक्ट आणि गवंडी अजून आहेत. महाग पडेल. पण कुजलेला खांब बदलताना सगळाच काढावा लागत नाही, बुडाचा कुजका भाग कापून तिथे नव्या लाकडाचा सांधा देता येतो, हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच घाबरून लोखंडी गर्डर घालतात.

जुना दरवाजा किंवा खांब विकत घेऊन फ्लॅटमध्ये लावला तर?

लावा की. नाहीतरी तो जळणात किंवा भंगारात जाणार असतो. फक्त वाळवी बघून घ्या. आणि दिंडी दरवाजा भिंतीला टेबलासारखा आडवा लावून वर काच ठेवतात ते मला बघवत नाही, पण हे माझं झालं.

वाडे आतून बघायला मिळतात का? नुसतं आत शिरलं तर चालतं?

विश्रामबागवाडा, नानावाडा, फुले वाडा, केसरीवाडा ही सगळ्यांची ठिकाणं, जायच्या आधी वेळ विचारून घ्या. केळकर संग्रहालयातही जा, तिथे कोथरूडचा मस्तानी महाल आणून बसवलाय आणि कोरीव दारं-खिडक्या भरपूर आहेत, आणि त्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत, मान दुखत नाही. बाकी बहुतेक वाडे राहते आहेत. दिंडी उघडी दिसली म्हणजे आमंत्रण नाही. देवडीत उभं राहून हाक मारा, "कुणी आहे का?", कुणीतरी काकू किंवा आजोबा बाहेर येतातच, त्यांना कोण, कुठले ते सांगा आणि बघू का विचारा. नाही म्हणाले तर निघा. हो म्हणाले तर चपला ओसरीखाली काढा, आधी बोला, मग फोटोचं विचारा. दुपारी एक ते चारमध्ये जाऊ नका. हा विनोद नाही.

लहान मुलं आणि आजी बरोबर आहेत, एका सकाळीत काय होईल?

आठ वाजता कसबा गणपती, तिथून तांबट आळी, मग लाल महाल बाहेरूनच, कारण आत्ताची इमारत १९८८ची आहे. शनिवारवाड्यात नगारखाना, पण आजींना वर चढवू नका, पायऱ्या उंच आहेत, त्यांना खाली बागेत बसवा. मग रिक्षा करून विश्रामबागवाडा. तोवर अकरा होतात, मुलं कंटाळतात, समोरच तुळशीबाग असल्यामुळे आजी ताज्यातवान्या होतात, आणि तुमचा वाडे बघायचा कार्यक्रम तिथे संपतो.